पाऊस येण्याआधीचं काम

(वडीगोद्री येथे झालेल्या हितचिंतकांच्या वार्षिक सभेत आमच्या कार्यकर्त्या भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलीची धाटणी मुद्दाम तशीच ठेवली आहे.)



आज इथे कुणी वसईहून आलं आहे, कुणी पुण्याहून, कुणी थेट रत्नागिरीहून. रात्रभर एस.टी.त बसून तुम्ही या धुळे-सोलापूर रस्त्यावरच्या गावी आलात, त्याबद्दल आधी आभार मानते. मला बोलायला विषय दिला आहे 'अतिवृष्टी आणि आपलं काम'. मी त्याची सुरुवात एका पत्राने करणार आहे.

मागच्या पावसाळ्यानंतर आम्ही मदतीचं आवाहन केलं, तेव्हा कोकणातल्या एका भगिनीने देणगी पाठवली आणि सोबत चार ओळी लिहिल्या. त्यांनी विचारलं होतं, "ताई, तुमच्याकडे एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला म्हणून घरं पडली असं तुम्ही लिहिता. आमच्याकडे जुलैत असे दिवस कितीतरी येतात. छत्री घेऊन मुलं शाळेत जातात. मग तुमच्याकडेच एवढा हाहाकार का?"

प्रश्न टोचणारा नव्हता, मनापासून विचारलेला होता. मी त्यांना लगेच उत्तर लिहू शकले नाही. आज त्या इथे बसल्या आहेत, म्हणून उत्तर सगळ्यांसमोर देते.

पहिली गोष्ट, देवाने आपल्या महाराष्ट्रात पाऊस सारखा वाटलेला नाही. अरबी समुद्रावरून येणारे ढगाळ वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपलं बहुतेक पाणी तिथेच रिकामं करतात. कोकणात पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढे जातो, आणि घाट उतरून वाईला आलात की तो हजाराच्याही खाली येतो. अंतर तीस-पस्तीस किलोमीटरचं! इगतपुरीला ३००० च्या पुढे, आणि नाशिक शहरात ७०० च्या आसपास. आम्ही तर डोंगराच्या पार पाठीमागे, पर्जन्यछायेत. जालना जिल्ह्याची पावसाळ्याची सरासरी साधारण ६०० मिलिमीटर. आमच्याकडचा बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर आणि विजांच्या ढगांवर अवलंबून असतो. तो रोज थोडा थोडा येत नाही. महिनाभर तोंड दाखवत नाही आणि मग दोन रात्रींत सगळं देणं चुकतं करतो.

म्हणजे तुमच्याकडचा शंभर मिलिमीटर हा हंगामाचा तिसावा भाग, आणि आमच्याकडचा शंभर मिलिमीटर हा हंगामाचा सहावा भाग. साधा हिशोब सांगते. एका एकरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर चार लाख लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. २०१३ च्या उन्हाळ्यात याच अंबड तालुक्यात आम्ही एका टँकरसाठी हंड्यांची रांग लावून उभे होतो. मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळत होत्या. आणि आता एका रात्रीत एकेका एकरावर चाळीस टँकर!

दुसरी गोष्ट, जमीन. तुमच्या कोकणातली जांभ्याची जमीन, उताराची. पाणी पडलं की वहाळाला आणि वहाळातून खाडीला. आमची काळी माती पाणी प्यायली की फुगते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा मिटतात आणि मग पाणी खाली जायला वाट राहत नाही. ते शेतातच उभं राहतं. भाताला पाण्यात उभं राहण्याची सवय आहे, कापसाला नाही, तुरीला नाही. मुळांचा श्वास कोंडतो. सप्टेंबरचा पाऊस असेल तर कापसाची बोंडं झाडावरच सडतात, सोयाबीनच्या शेंगांना उभ्या झाडावर कोंब फुटतात, मोसंबीची फळगळ होते. म्हणजे वर्षभराचं काम संपत आलेलं असतं तेव्हा पाऊस येतो.

तिसरी गोष्ट, घरं. तुमच्या आजोबा-पणजोबांनी घर बांधताना पाऊस डोळ्यांसमोर ठेवला. उतरतं कौलारू छप्पर, जांभ्याचा उंच चौथरा, पुढे आलेल्या पागोळ्या. आमच्या आजोबांनी ऊन डोळ्यांसमोर ठेवलं. मातीच्या भिंती आणि वर मातीचं सपाट माळवद. उन्हाळ्यात घर गार राहतं. पण चार दिवस संततधार लागली की ते माळवद पाणी पितं, जड होतं आणि झोपलेल्या माणसांवर येतं. ही गावातल्या घरांची गोष्ट झाली. आम्ही ज्या भिल्ल कुटुंबांमध्ये काम करतो, त्यांची घरं तुराट्यांच्या कुडाची. वर चार पत्रे, त्यावर दगड. चौथरा नाही.

तेव्हा भगिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, पण नुकसान त्याच्याखाली काय उभं आहे यावर ठरतं.

आणि चौथी गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली. कधी कधी आमच्याकडे पाऊस पडतच नाही आणि पूर मात्र येतो. इथून दहाएक किलोमीटरवर शहागडला गोदावरी आहे. ती त्र्यंबकला उगम पावते. इगतपुरीकडचं दारणेचं पाणी तिला मिळतं, प्रवरा आणि मुळेचं पाणी अहिल्यानगर जिल्ह्यातून येतं. सगळं पैठणला जायकवाडीच्या नाथसागरात साठतं. धरणाची क्षमता साधारण १०२ टीएमसी. धरण भरलं की दरवाजे उघडावेच लागतात. मग नाशिकच्या डोंगरावर पडलेला पाऊस अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या गोदाकाठच्या लोकांच्या दारात येतो. उन्हाळ्यात याच धरणाच्या डाव्या कालव्याकडे आम्ही आशेने बघतो. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी धरणातून सोडलेलं पाणी दोन लाख क्युसेकच्या पुढे गेलं, तेव्हा आम्ही नदीकडे बघत रात्र काढली.

आता मी माझी एक चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं खरं होणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गोदावरीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी भिल्लांची एक वस्ती आहे. गाव सांगत नाही. नदी चढली की तिचं पाणी नाल्यात मागे शिरतं. त्या वर्षी रात्री असंच पाणी शिरलं. माणसं वाचली, देवाची कृपा. भांडीकुंडी, कोंबड्या, धान्य गेलं. आम्ही तिसऱ्या दिवशी ताडपत्र्या आणि तांदूळ-डाळ घेऊन पोहोचलो. वाटप झालं. मग मी प्रार्थना घेतली आणि पवित्र शास्त्रातला दोन घरांचा दाखला सांगितला. एकाने खडकावर घर बांधलं, एकाने वाळूवर. पाऊस आला, पूर आला, वाऱ्याने दोन्ही घरांना झोडपलं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

मी माझ्या परीने चांगलं बोलले. डिप्लोमाच्या वर्गात शिकलेलं सगळं वापरलं. संपल्यावर ओल्या लुगड्यात बसलेली एक म्हातारी आजी म्हणाली, "ताई, वाळूवर राहायची हौस नाही आम्हाला. खडकावरली जागा आम्हाला कोण देतं?"

कुणी हसलं नाही, ती रागावलेलीही नव्हती. मी गप्प बसले. परत येताना गाडीत मला कळलं, की मी आत्म्यासाठी सांगितलेली गोष्ट त्या लोकांनी स्वतःच्या घरावरचा ठपका म्हणून ऐकली. आणि मी ती सांगायला उभी होते त्यांच्या पडलेल्या घरांसमोर! त्या लोकांनी मूर्खपणाने वाळू निवडलेली नव्हती. उंचावरची जमीन कुणाच्या तरी सातबाऱ्यावर होती. गायरानात बसले की उठवलं जायचं. जिथून कुणी उठवत नाही अशी एकच जागा उरली होती, पाण्याच्या वाटेवरची.

तो दाखला चुकीचा नाही, प्रिय जनहो. मी तो चुकीच्या माणसांना सांगितला. तो मला ऐकायचा होता. तुम्हाला ऐकायचा होता. लूकच्या शुभवर्तमानात तर तो माणूस खोल खणून पाया घालतो. म्हणजे खरं काम पाऊस यायच्या आधीचं आहे. दोन्ही घरांवर पाऊस सारखाच पडला. फरक आधीच पडलेला होता. आणि आम्ही मात्र दरवर्षी पाऊस पडून गेल्यावर, तिसऱ्या दिवशी, ताडपत्री घेऊन पोहोचत होतो.

त्याच आजीच्या सुनेने निघताना मला आणखी एक गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "धान्य तुम्ही दिलं, पण कागद कोण देणार?" आधार कार्ड, रेशन कार्ड, पोरांचे शाळेचे दाखले, सगळं एका पिशवीत होतं आणि ती पिशवी वाहून गेली होती. तुमच्या-माझ्या दृष्टीने कागद म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं काम. आदिवासी माणसाच्या दृष्टीने तसं नाही. अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्यांनी तो कुठून आणायचा? एखाद्या चुलत आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा सापडला, तर तो सोन्यासारखा जपायचा असतो. तसा एक उतारा त्या पिशवीत होता. त्याची दुसरी नक्कल काढायला आम्हाला वर्षाहून जास्त लागलं. त्या मुलाचं वसतिगृहातलं एक वर्ष त्यात गेलं.

त्यानंतर आम्ही कामाची पद्धत बदलली. फार मोठं काही केलं नाही, जे केलं ते सांगते.

मे महिन्यात आम्ही वस्तीवर बसतो. प्रत्येक घराच्या कागदांच्या तीन नकला काढतो. मूळ कागद घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत. बरणीला दोरी, आणि ती आड्याला टांगलेली. एक नकल आमच्या कार्यालयात, एक गावातल्या एखाद्या पक्क्या घरात, एक फोनमध्ये. पूर आला की आधी मूल, मग बरणी, मग शेळी, हे आता लहान पोरंही सांगतात.

दुसरं, निरोप. पैठणहून पाणी सोडतात तेव्हा प्रशासनाचा इशारा येतो, गावात दवंडी होते. पण ती दवंडी गावठाणात फिरते. वस्ती गावाबाहेर असते. म्हणून वस्तीतल्या दोन तरुणांना आम्ही विसर्गाचे आकडे वाचायला शिकवलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. मागच्या पुरात किती क्युसेकला पाणी कुठल्या बाभळीपर्यंत आलं होतं, ते त्यांनी चुन्याने झाडावर लिहून ठेवलं आहे. आकडा कळला की झाड बघायचं आणि ठरवायचं.

तिसरं, पावसाची वही. शासनाच्या हिशोबाने एका महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. तुमच्याकडेही ६५ आणि आमच्याकडेही ६५. पण मंडळात गावं पुष्कळ आणि यंत्र एखादंच. पाऊस काही यंत्र बघून पडत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकाच शहरात! म्हणून वस्तीवरच्या शाळकरी मुली एका साध्या पर्जन्यमापकात रोज सकाळी पाणी मोजतात आणि वहीत लिहितात. त्या वहीला सरकारी किंमत नाही. तरी मंडळाच्या नोंदीत ४० आणि मुलींच्या वहीत ९० असेल, तर तारखा दाखवून निदान पाहणीला या असं म्हणता येतं.

चौथं, शेताचं पाणी. वस्तीतल्या ज्या थोड्या लोकांकडे एकर-दीड एकर जमीन आहे, त्यांच्यासाठी हे काम. परभणीच्या कृषी विद्यापीठाने सांगितलेली रुंद वरंबा-सरीची पेरणी आम्ही काही शेतांत करून पाहिली. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, कमी झाला तर सरीतच मुरतं. आणि उदाहरण लांबचं नाही. आपल्याच जालना तालुक्यात कडवंची आहे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने तिथे भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून बांधबंदिस्तीचं काम केलं. आज ते द्राक्षांचं आणि शेततळ्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. तो कार्यक्रम ज्यांच्या पुढाकाराने उभा राहिला ते फादर हर्मन बाखर स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू होते. त्यांनी नगर जिल्ह्याच्या दुष्काळी गावांत आयुष्य घातलं. सेवा म्हणजे डोंगराच्या माथ्यापासून पाणी अडवणं, हे त्यांच्या कामातून शिकावं. माथ्यावर अडवलेलं पाणी खाली पूरही कमी करतं आणि उन्हाळ्यात विहिरीलाही येतं.

आता मागच्या सप्टेंबरचं सांगते. नदी चढू लागली त्या संध्याकाळी वस्तीवर पाऊस थांबला होता. आकाश बघून कुणालाही वाटलं नसतं की निघायला हवं. पण त्या दोन पोरांनी आकडा वाचला, बाभूळ बघितली आणि अंधार पडायच्या आत सतरा घरं उंचावरच्या शाळेत गेली. शेळ्या गेल्या. बरण्या गेल्या. पहाटे नाल्यात पाणी शिरलं तेव्हा तिथे फक्त कुड आणि पत्रे होते.

एकही माणूस गेला नाही, एकही कागद गेला नाही. मी देवाचे आभार मानले. पण बंधुभगिनींनो, एवढ्यावर थांबले तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल.

कारण सतरा घरं गेलीच. आपत्तीच्या तेव्हाच्या निकषांत जिरायती पिकासाठी हेक्टरी ८५०० रुपये होते, पण पीक सातबाऱ्यावर असावं लागायचं. पडलेल्या झोपडीसाठी ८००० रुपये होते, पण बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला मागितला जायचा. पाण्याच्या वाटेवरच्या कुडाला अधिकृत कोण म्हणणार? आणि कापूस वेचणीची मजुरी? मालकाच्या कापसाचा पंचनामा होतो. त्या कापसाच्या वेचणीवर दिवाळी काढणाऱ्या बाईच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा होत नाही. मग ती कुटुंबं काय करतात? ऊसतोडीच्या मुकादमाकडून दरवर्षीपेक्षा मोठी उचल घेतात, पोरांना शाळेतून काढून सोबत नेतात आणि उन्हाळ्यात अंगावर कर्ज घेऊन परत येतात. पाणी चार दिवसांत ओसरतं, उचल वर्षानुवर्षं ओसरत नाही. आमच्या वसतिगृहातली पाच मुलं या वर्षी उसाच्या फडात आहेत. बरणीत त्यांचे दाखले सुरक्षित आहेत, आणि मुलं शाळेत नाहीत. हे मला रात्री झोपू देत नाही.

ती आजी आता नाही. तिच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर आमच्याकडे अजून नाही. वस्तीला उंचावर हक्काची जागा मिळावी यासाठी अर्ज चालू आहेत. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, आणि दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात. वस्तीतल्या बाया आता स्वतः जातात, आम्ही फक्त सोबत असतो. घाई करून चालत नाही आणि सोडूनही चालत नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, तुमची देणगी पूर आल्यावर येते, आणि ती येते म्हणून चुली पेटतात. त्याबद्दल कृतज्ञ आहोत. पण तिचा अर्धा भाग मे महिन्यात पाठवा. मे मध्ये पुराचा फोटो नसतो, रडणारं मूल नसतं, मन हलवणारं काही नसतं. तरी पाठवा. बरण्या, चौथऱ्याचे दगड, पत्र्याला बांधायची तार, हे मे मध्ये घ्यायचं असतं.

दुसरी, ज्या मंडळींच्या आवारात उंचावर पक्की इमारत आहे, त्यांनी पावसाळ्यात तिची एक किल्ली जवळच्या वस्तीवर ठेवावी. चर्चचं दार रात्री दोन वाजता उघडण्यासाठी ठराव करायची वेळ येऊ नये.

तिसरी, प्रार्थना करा. नुसती 'पाऊस दे' किंवा 'पाऊस थांबव' अशी नको. पाऊस देवाच्या हातात आहे, आणि तो नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पडतो असं आपल्याला शिकवलं आहे. उसाच्या फडातल्या त्या पाच मुलांसाठी प्रार्थना करा. उंचावरच्या जागेसाठी प्रार्थना करा. आणि ज्यांच्या सहीने ती जागा मिळू शकते त्या अधिकाऱ्यांसाठीही नाव न घेता प्रार्थना करा.

आता जेवणानंतर वस्तीवर जायचं आहे. चिखल आहे, चपला जपून. तिथे एखादी आजी तुम्हाला बरणी दाखवील, तेव्हा ती उघडून बघा. आत एका कुटुंबाच्या तीन पिढ्या असतात.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.